‘कोसला’तून घ्यायचं काय?

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ वर्षं उलटून गेली, तरी मराठी वाचकांत या कादंबरीवरून होणारी भांडणं काही थांबत नाहीत. दहा वाचणारे जमवा आणि फक्त नाव काढा. तिघे-चौघे म्हणतील, हे पुस्तक वाचलं आणि मी पूर्वीचा राहिलो नाही. तितकेच म्हणतील, पन्नास पानांवर मिटलं ते पुन्हा उघडलं नाही. उरलेले गप्प बसतील, कारण ‘कोसला’ आवडली नाही असं चारचौघांत म्हणायची लोकांना भीती वाटते.

या जुन्या भांडणात आज पडायचं माझ्याकडे कारण आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. आपल्या घरांतली मुलंमुली आता आपणहून मराठी कादंबऱ्या मागू लागली आहेत. कुणी अकरावीत, कुणी डी.एड.ला, कुणी पुण्या-औरंगाबादला खोली घेऊन शिकणारी. त्यांच्या हातात ‘कोसला’ दिसली की घरातले, मोहल्ल्यातले आणि आमच्या स्टाफरूममधलेही जाणते लोक एकच विचारतात: ‘‘यातून घ्यायचं काय?’’ मग कुणी म्हणतं यात नसीहत नाही, कुणी म्हणतं हे आपलं नाही, कुणी म्हणतं हे श्रीमंतांचे चोचले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ‘कोसला’ डोक्यावर घेणारे आणि तिला बाजूला सारणारे, दोघंही तिला हाच प्रश्न विचारतात. दोघांनाही तिच्यातून काहीतरी घरी न्यायचं असतं. पण ही एका पोराची हकीकत आहे आणि ती आधी पूर्ण ऐकून घ्यावी लागते. आपल्या समाजाला तर ‘घ्यायचं काय’ या प्रश्नाची सवय इतकी जुनी आहे की जे पोर काही झालं नाही, त्याचं बोलणं ऐकायला आपण बसतच नाही. ‘कोसला’वर आपल्याकडे होणारी टीका मला म्हणूनच साधी आवडीनिवडीची गोष्ट वाटत नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातल्या सांगवी गावचा, खात्यापित्या शेतकरी घरातला मुलगा. वय पंचवीस. तो आपली गोष्ट आपल्या तोंडानं सांगतो. लहानपण, मग पुण्यातलं कॉलेज, होस्टेल, मित्र, मेसचा कारभार अंगावर घेऊन त्यात बुडणं, परीक्षांचं बिनसणं, वडिलांच्या पैशावरून होणारी कुचंबणा. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं मरते. वर्षं जातात, पैसे जातात, आणि काहीही न होता तो गावी परततो. तिथे त्याच्यासारखेच रिकामे बसलेले इतर तरुण आहेत. कादंबरी संपते तेव्हा तो सुधारलेला नसतो आणि शहाणाही झालेला नसतो.

लिहिली तेव्हा नेमाडे स्वतः पंचविशीतच होते. पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं, देशीवादावरून वाद झाले, ‘हिंदू’ आली. ते सगळं नंतरचं. आज अनेक जण नंतरच्या नेमाड्यांवरचा राग किंवा प्रेम या पंचवीस वर्षांच्या पोराच्या पुस्तकावर काढतात. ते आपण बाजूला ठेवू.

पहिला आक्षेप सगळ्यांचाच आहे: यात काही घडत नाही. या आक्षेपाचं मला आश्चर्य वाटतं, कारण एका लहान मुलीचा मृत्यू ज्यात घडतो त्या पुस्तकाबद्दल आपण हे म्हणत असतो. देवीच्या रोगावरची लस १७९६ पासून जगाला माहीत होती. भारतातून हा रोग गेला तो १९७५ मध्ये. मधल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या असंख्य घरांतली पोरं गेली, त्यांतलं एक घर सांगवीकरांचं. तिच्यासाठी पांडुरंग जो आकांत करतो तो वाचल्यावर त्याची होस्टेलमधली टिंगलटवाळी वेगळी ऐकू येऊ लागते. अजिंठ्याला जाऊन तो जे बघतो, तेही त्याला या मृत्यूतूनच दिसतं. पन्नास पानांवर पुस्तक मिटणाऱ्याला यातलं काहीच भेटलेलं नसतं. त्याला फक्त एक तोंडाळ कॉलेजकुमार भेटलेला असतो. कंटाळा येऊन पुस्तक मिटायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मिटलेल्या पुस्तकाबद्दल ‘काही घडत नाही’ असा निकाल देऊ नये, एवढंच.

दुसरा आक्षेप खास आपला: हे आपलं नाही. सांगवी, पाटील, शेत, मठ, पुण्याचं कॉलेज, यात आपण कुठे? एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारलं होतं, ‘‘मॅडम, यात एक तरी आपला माणूस आहे का?’’

भाषा शिकवणारी बाई म्हणून मी याचं उत्तर शब्दांतून देते. ‘कोसला’तला सगळ्यांत गाजलेला शब्द कोणता? ‘वगैरे’. पांडुरंगाच्या बोलण्यात तो इतक्या वेळा येतो की पुढे दोन पिढ्यांनी त्याची नक्कल केली. हा शब्द मूळ अरबी. ‘व ग़ैरिही’, म्हणजे ‘आणि त्याखेरीज इतर’. फारसीतून, दखनीतून तो मराठीत आला आणि इतका मुरला की आज कुणाला तो परका वाटत नाही. पांडुरंगाचा दुसरा लाडका शब्द ‘उदाहरणार्थ’, तो सरळ संस्कृत. एक अरबी आणि एक संस्कृत शब्द खानदेशातल्या एका शेतकऱ्याच्या पोराच्या जिभेवर शेजारी शेजारी नांदतात. मेसचा हिशेब, खर्च, बाकी, रक्कम, वसुली, कर्ज, ज्या ज्या शब्दांनी त्या पोराची झोप उडते ते सगळे शब्द आपल्या आजी-आजोबांच्याही घरात होते. मराठी माणूस पैशाच्या काळजीत पडला की अर्धा फारसीत बोलतो, असं मी वर्गात म्हणते आणि मुलं हसतात.

ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. पुस्तकात आपल्या नावाचा माणूस असला तरच ते पुस्तक आपलं, असा नियम केला तर मराठीतली जवळजवळ सगळी चांगली पुस्तकं आपल्या मुलांना बंद होतील. मग हीच मुलं मराठीचा पेपर फक्त पास होण्यापुरता लिहितील, आणि मराठी आपली भाषा आहे हे भाषणात सांगायला आपण मोकळे! दुसऱ्या बाजूनेही हीच चूक होते. ‘तुम्हाला ‘कोसला’ काय कळणार, ती मातीतून यावी लागते’ असं आमच्या मुलांना सांगणारे मराठीचे रखवालदार मी पाहिले आहेत. त्यांनाही ‘वगैरे’ची व्युत्पत्ती सांगावी लागते.

आता तिसरा आक्षेप, नसीहतीचा. माझ्या मते खरा अडथळा इथेच आहे.

उर्दू कादंबरीची सुरुवात डेप्युटी नज़ीर अहमद यांच्यापासून मानतात. त्यांची ‘मिरातुल उरूस’ १८६९ ची. त्यात दोन बहिणी आहेत. अकबरी फूहड, असगरी सुगरण. कुणासारखं व्हायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यानंतर काही वर्षांनी आलेली ‘तौबतुन्नसूह’ मला आजच्या विषयासाठी जास्त महत्त्वाची वाटते. दिल्लीत कॉलऱ्याची साथ येते. नसूह नावाचा गृहस्थ आजारी पडतो, स्वप्नात त्याला हिशेबाचा दिवस दिसतो. तो बरा होतो आणि घर सुधारायला घेतो. घरातले बहुतेक जण सुधारतात. थोरला मुलगा कलीम मात्र ऐकत नाही. कलीमला शायरीचं वेड आहे. बाप त्याची पुस्तकं जाळतो. कलीम घर सोडतो, भटकतो, धक्के खातो, आणि जखमी होऊन परत येतो तो मरायलाच.

हे पुस्तक मी किती तरी वेळा वाचलं आहे. नज़ीर अहमद यांची दिल्लीची उर्दू वाचताना आजही तोंडाला पाणी सुटतं. त्यांचा हेतूही वाईट नव्हता. १८५७ नंतर मोडून पडलेल्या समाजाला त्यांना उभं करायचं होतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही सगळी गोष्ट बापाच्या बाजूची आहे. कलीमच्या पुस्तकांत काय होतं, ती जळताना त्याला काय वाटलं, रस्त्यावरच्या पहिल्या रात्री तो कुठे झोपला आणि कशाला घाबरला, हे कलीमच्या तोंडून आपल्याला कधी ऐकू येत नाही. त्याला गोष्टीत ठेवलंय ते इतरांनी धडा घ्यावा म्हणून.

नसीहतीची ही ओढ फक्त उर्दूत आहे असंही नाही. मराठीत घरोघरी असलेली ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पुस्तक आलं १९३५ मध्ये. रोज रात्री श्याम आईची एक आठवण सांगतो, आणि प्रत्येक रात्री ऐकणाऱ्याला काहीतरी मिळतं. मी ती दरवर्षी मुलांना वाचून दाखवते आणि दरवर्षी माझा आवाज कापरा होतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. नेमाड्यांची सांगवीही त्याच जळगाव जिल्ह्यातली. एकाच खानदेशानं मराठीला वाढत्या वयाची ही दोन पुस्तकं दिली. एकात मुलगा आईमुळे घडतो. दुसऱ्यात घडायचं म्हणून घराबाहेर पाठवलेला मुलगा घडतच नाही.

‘कोसला’ वाचताना आपण मनातल्या मनात ‘तौबतुन्नसूह’ शोधत असतो. पांडुरंगाला शेवटी पश्चात्ताप व्हावा, बापाच्या पायाशी बसून त्यानं माफी मागावी, किंवा निदान त्याचं वाईट तरी व्हावं, म्हणजे गोष्ट पुरी झाली. तसं काही होत नाही म्हणून आपण चिडतो. पण ‘कोसला’चं मोल मला वाटतं ते यासाठीच. ही कलीमची बाजू आहे. पुस्तकं जळालेल्या, घराबाहेर पडलेल्या, काही न झालेल्या पोराला इथे कुणीतरी शेवटपर्यंत बोलू दिलं आहे. तो खोटंही बोलतो, स्वतःची टिंगल करतो, दुसऱ्यांवर अन्याय करतो. पण बोलतो तोच.

बी.एड. करताना आम्हाला पाठ टाचण लिहायला शिकवलं. त्यात अपेक्षित वर्तनबदलाचा रकाना भरावा लागे. हा पाठ शिकवल्यावर मुलाच्या वागण्यात कोणता बदल अपेक्षित आहे? व्याकरणाला, विज्ञानाला हा रकाना ठीक आहे. पण आपण शिक्षकांनी आणि पालकांनी तो मुलांच्या सगळ्या वाचनाला लावून टाकला. प्रत्येक पुस्तकानं मुलाला बदललं पाहिजे, तेही आपण ठरवलेल्या दिशेनं. ‘कोसला’पुढे हा रकाना रिकामा राहतो. तो तसा राहू द्यावा, असं माझं शिक्षक म्हणून मत आहे.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, म्हणून तो शेवटी घेते. पांडुरंगाला हे परवडतं. मागे जमीन आहे, बाप पैसे पाठवतो, पुण्यातून हरून आला तरी जेवायला ताट आहे. ज्याच्या मागे काही नाही, त्यानं ही थेरं का वाचावी?

यंत्रमागाच्या गावात शिकवणाऱ्या बाईला हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. माझ्या वर्गातली अनेक मुलं सुट्टीत लूमवर जातात, काही सुट्टीची वाटही बघत नाहीत. त्यांतला एखादा बारावी काढून बाहेरगावी शिकायला जातो तेव्हा त्याची फी एकटा बाप भरत नाही. मामा भरतो, मोठा भाऊ आपलं शिक्षण सोडून भरतो, आईचं सोनं जातं. हा मुलगा पहिल्या वर्षी नापास झाला तर त्याला पांडुरंगासारखी पाच-सहा वर्षं मिळत नाहीत. पाच-सहा महिनेही मिळत नाहीत. पुढच्या आठवड्यात तो कुणाच्या तरी दुकानात बसलेला असतो, आणि घरात त्या विषयावर बोलणं बंद होतं.

तेव्हा आक्षेप खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. ज्याला अपयश परवडत नाही, तोही नापास होतोच. परवडणाऱ्याहून जास्त वेळा होतो. फरक इतकाच की परवडणाऱ्याचं अपयश लिहिलं गेलं आणि याचं कुणी लिहिलं नाही. म्हणून काय परवडणाऱ्याचंही वाचायचं नाही? उलट असं वाचल्याशिवाय या मुलाला कसं कळणार, की आपल्यावर जे आलं ते सांगता येतं, त्यासाठी शब्द आहेत, आणि ते सांगणाऱ्याला लोक लेखक म्हणतात?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडलं. आता तो मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं ‘कोसला’ माझ्याकडून नेली, चार महिन्यांनी परत आणली. मी कशी वाटली वगैरे विचारलं नाही. तोच म्हणाला, ‘‘मॅडम, मेसच्या हिशेबाचं वाचताना मला घाम फुटला. आमच्या रूमवर माझ्याकडेच होता हिशेब.’’ आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, कॉलेजमध्ये नेमकं काय झालं ते त्यानं मला सांगितलं. घरी त्यानं ते अजून सांगितलेलं नाही. घरी कुणी विचारलेलंच नाही.

या आक्षेपाचा दुसरा भाग बायकांचा आहे, आणि तोही बरोबर आहे. ‘कोसला’चं जग पुरुषांचं आहे. होस्टेल, मेस, पारावरच्या गप्पा. बाई येते ती आई म्हणून, आजी म्हणून, बहीण म्हणून, नाहीतर लांबून दिसणारी कॉलेजातली मुलगी म्हणून. मनीवर माझा जीव आहे, पण मनी मरते तेव्हाच पुस्तकाच्या मधोमध येते. ती जगली असती तर तिला पुण्याला पाठवलं असतं का? तिला काहीही न होता परत येण्याची मुभा मिळाली असती का?

या प्रश्नासाठी मी मुलींना उर्दूकडे वळवते. इस्मत चुगताई यांची ‘टेढी लकीर’ १९४० च्या दशकातली, म्हणजे ‘कोसला’च्या जवळजवळ वीस वर्षं आधीची. शमन हे मोठ्या घरातलं दहावं अपत्य. नकोशी म्हणून आलेली, दाईच्या अंगावर वाढलेली. बोर्डिंग, कॉलेज, मग एका शाळेची मुख्याध्यापिका, मग एका आयरिश माणसाशी मोडकं लग्न. ती सुगरण असगरी होत नाही. फूहड अकबरी म्हणून तिला हसताही येत नाही. तिच्यावरही वाचकांची अशीच फाळणी झाली. कुणाला ती बेशरम वाटली, कुणाला त्यात पहिल्यांदा आपलं बालपण खरं खरं दिसलं. गंमत अशी की नज़ीर अहमद शिक्षण खात्यात शाळा तपासत, आणि इस्मत आपांनीही मुंबईत शाळा तपासणीसाची नोकरी केली. एकाच खात्यातल्या दोघांनी मुलामुलींकडे किती वेगळं पाहिलं!

आता ‘कोसला’च्या भक्तांकडे वळते, कारण आत्तापर्यंत ते माना डोलावत असतील.

तुमचं प्रेम मला मान्य आहे, पण तुम्ही पुस्तकाचं नुकसान केलं आहे. ‘पांडुरंग म्हणजे मीच’ असं म्हणणाऱ्यांनी एका विशिष्ट पोराची हकीकत घेऊन तिचा गणवेश केला. वाढलेली दाढी, कशात काही नाही असा चेहरा आणि वाक्यावाक्याला ‘वगैरे’. त्यांनी ‘कोसला’तून नसीहतच काढली, फक्त उलटी: काही करू नये, सगळं निरर्थक आहे. मनीचा मृत्यू त्यांना पाठ असतो, पण घरी बहिणीच्या शिक्षणासाठी कितीजण भांडले ते विचारा. अमेरिकेत सॅलिंजरच्या ‘कॅचर इन द राय’चं हेच झालं. १९५१ मध्ये ती आली. कित्येक शाळांनी ती हटवली आणि कित्येक पोरांनी ती छातीशी धरून मिरवली. दोन्हीकडच्या गोंगाटात त्या पुस्तकातला भाऊ गमावलेला मुलगा बाजूलाच राहिला.

शिवाय तुमचा दरारा! ज्याला ‘कोसला’ आवडली नाही त्याला साहित्य कळत नाही, हे तुम्ही इतक्यांदा म्हटलंत की लोक खोटं बोलू लागले. एखाद्या शिक्षिकेला ती कंटाळवाणी वाटली असेल, एखाद्या मुलीला तिच्यात आपल्यासाठी जागा दिसली नसेल, तर ते तिचं वाचन आहे. ते ऐका. लेखकानं हे पुस्तक शंभरातून एक वगळून उरलेल्यांना अर्पण केलं आहे. तुम्ही ते त्या एकाच्या मालकीचं करून टाकलंत.

ही अर्पणपत्रिका मला आपल्या समाजाकडे परत आणते. दर जूनमध्ये आपल्याकडे गुणगौरवाचे कार्यक्रम होतात. हॉल भाड्यानं घेतला जातो, पाहुणे येतात, ज्यांना नव्वदच्या वर टक्के पडले त्यांना ट्रॉफी मिळते. चांगलीच गोष्ट आहे, मी स्वतः अशा मंचावर बसते. पण शंभरातल्या एकासाठी आपल्याकडे हार आहे, मंच आहे, भाषण आहे. उरलेल्या नव्याण्णवांसाठी एक वाक्यही नाही. मोहल्ल्यातल्या वाचनालयांची कपाटं बघा. दीनी पुस्तकं आहेत आणि असलीच पाहिजेत. स्पर्धा परीक्षांची गाइडं आहेत, कलेक्टर झालेल्यांची चरित्रं आहेत. सगळं कपाट सांगतंय की तू असा हो. तू जो आहेस तो कसा आहेस, असं विचारणारं पुस्तक त्यात सापडत नाही.

आणि आपली गोष्ट आपण लिहिली का? हमीद दलवाई यांची ‘इंधन’ ‘कोसला’नंतर दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये आली. त्यांच्या इतर विचारांशी कुणाचं जमो न जमो, ‘इंधन’ वाचली पाहिजे. त्यातलं कोकणातलं गाव, त्यातली मुसलमान घरं खरी आहेत. पण तो मोठ्या वयात गावी परतलेल्या माणसाचा अनुभव आहे. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात सुरू झालं. कविता भरपूर आली, वैचारिक लेखन आलं, आत्मकथनं आली. पण उर्दू शाळेतून मराठी कॉलेजात गेलेला, दोन्ही भाषांत अडखळणारा, नापास झालेला, घरी काय सांगावं ते न कळणारा आपला पांडुरंग, किंवा आपली शमन, अजून माझ्या वाचनात आलेली नाही. ती यायची तर लिहिणाऱ्याला आधी हे माहीत हवं की तात्पर्य नसलेली गोष्टही सांगता येते. ‘कोसला’ मुलांच्या हातात असावी असं मी म्हणते ते त्यासाठी.

कुणी विचारेल, मग आठवीच्या मुलाला द्यायची का? नाही. त्या वयात कंटाळा येईल आणि कंटाळ्यानं पुस्तक कायमचं बंद होईल. अठरा-एकोणीस हे वय बरोबर. घर सुटल्यावर, पहिला पेपर बिघडल्यावर. सुरुवातीला भाषा बोचली तर मोठ्यानं वाचा, पांडुरंग बोलतोय हे कानाला कळतं. मनीपर्यंत पोचा. त्यानंतर आवडली नाही तर खुशाल सांगा, कारणांसकट सांगा. आणि पालकांनो, मुलानं पुस्तक परत ठेवलं की ‘यातून काय घेतलं’ असं विचारू नका. हा प्रश्न आला की मूल आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सांगतं, हे वीस वर्षं वर्गात उभं राहून मी पाहिलं आहे. विचारायचंच असेल तर त्याच्या मेसचं, रूमचं, पेपरचं विचारा, आणि उत्तर कितीही लांबलं तरी मध्ये बोलू नका.